शब्दांचे गणगोत

शालेय व्याकरणाच्या पुस्तकात समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या असतात. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर. उंचच्या उलट ठेंगणा, उदारच्या उलट कृपण. मुले त्या पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि सुट्टी लागली की विसरतात. ह्यात मुलांचा दोष नाही. यादीतला शब्द हा मतदारयादीतल्या नावासारखा असतो. वय आणि घरक्रमांक लिहिलेला असतो, पण माणूस भेटलेला नसतो. शब्दांची भाऊबंदकी, त्यांचे वैर, एकाने दुसऱ्याच्या नावावर खपून जाणे, हे सारे मुलांना कळते ते गोष्टींतून. आम्हांस ते घरी आजीजवळ आणि देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकताना कळले. आजच्या मुलांना ते कदाचित चित्रांच्या पुस्तकांतून कळत असेल. वाट कोणतीही असो, पहिली ओळख गोष्टच करून देते.

वकिलीचा व्यवसाय पत्करल्यावर आम्हांस आढळून आले की, न्यायालयात ज्या प्रकारच्या शब्दांवरून कज्जे चालतात त्यांतील बहुतेक प्रकार आम्ही बालपणीच ऐकलेले होते. फरक एवढाच की, गोष्टीत राक्षस मरत असे आणि येथे कोणाचे तरी घर जाते.

पहिले उदाहरण विरुद्धार्थी शब्दांचे. हिरण्यकशिपूची कथा ऐकली नाही असे मूल आपल्या समाजात विरळा. वेलिंगच्या लक्ष्मीनृसिंहाच्या दर्शनास जाणाऱ्या मुलाला तर ती वाटेतच ऐकावी लागते. ब्रह्मदेवाकडून त्याने मागितलेला वर वकिलाच्या नजरेने पाहिला तर तो एक काळजीपूर्वक केलेला मसुदा आहे. मरण दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. भूमीवर नको, आकाशात नको. माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको. त्याने विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीची दोन्ही दारे लावून घेतली. त्याची समजूत अशी की, एक शब्द आणि त्याचा उलट शब्द मिळून सारे जग संपते.

मुलाला ह्या कथेतला खरा आनंद येथेच मिळतो. दिवस आणि रात्र ह्यांच्या मध्ये तिन्हीसांज आहे, घर आणि बाहेर ह्यांच्या मध्ये उंबरठा आहे, भूमी आणि आकाश ह्यांच्या मध्ये मांडी आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावताना आणि उंबरठ्यावर बसू नको म्हणून बोलणी खाताना ते त्याने पाहिलेले असते. काही विरुद्ध शब्दांच्या मध्ये जागा असते, काहींच्या मध्ये नसते. जिवंत आणि मृत ह्यांच्या मध्ये कोणी उभा राहू शकत नाही. श्रीमंत आणि गरीब ह्यांच्या मध्ये मात्र आपल्यापैकी बहुतेक जण उभे आहोत. तर्कशास्त्राची मोठी पुस्तके ज्या भेदाला स्वतंत्र प्रकरण देतात तो भेद नृसिंहाच्या नखांनी मुलाच्या मनावर कायमचा कोरला जातो. आमच्याकडे मसुदे घेऊन येणारे कित्येक शहाणे लोक अजूनही हिरण्यकशिपूच्याच मार्गाने जातात. दोन टोके लिहून ते निर्धास्त होतात, आणि तंटा येतो तो उंबरठ्यावरून.

दुसरा प्रकार एका नावाच्या दोन धन्यांचा. द्रोणाचार्यांचा पुत्र अश्वत्थामा, आणि भीमाने मारलेला हत्तीही अश्वत्थामाच. युधिष्ठिराने उच्चारलेल्या वाक्यात अक्षरशः असत्य काहीच नव्हते. हत्तीचा उल्लेख मात्र ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात केला गेला. येथे कथेने दिलेला निकाल पाहण्यासारखा आहे. तोवर पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्दांचा एक अर्थ खरा होता ही सबब कथेने ऐकून घेतली नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ उतरावा अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, तेवढेच तिने पाहिले. फसवणुकीच्या दाव्यात आजचा न्यायाधीश ह्याहून निराळे काय पाहतो?

तिसरी कथा मराठी मुलखातलीच. काश्मिरात अकराव्या शतकात सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात ती येते, आणि घडते मात्र गोदातीरी प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणास. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली की, उदकांनी मारू नकोस. ‘नको’ ह्या अर्थाचा ‘मा’ आणि पुढचा ‘उदक’ ह्यांचा संधी होऊन कानावर पडले ते ‘मोदक’. राजाने ताबडतोब मोदकांची ताटे मागविली. राणी हसली, परिवार हसला, आणि राजाने लाजेने अंथरूण धरले.

मुलांना ही गोष्ट एवढीच सांगितली जाते. मोदक आले, सगळे हसले, संपले. परंतु मूळ कथेत खरा प्रकार येथून पुढे सुरू होतो. गुणाढ्य म्हणाला, मी राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. तसे झाल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडू, अशी गुणाढ्याने पैज लावली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाच्या कृपेने कातंत्र नावाचे सोपे व्याकरण मिळविले आणि पैज जिंकली. तिन्ही भाषांना मुकलेला गुणाढ्य अरण्यात गेला, पैशाची भाषा शिकला आणि तीत त्याने बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, असे कथा सांगते. म्हणजे ज्या ग्रंथातून आपल्याकडील कथांचा एवढा मोठा ओघ वाहिला असे परंपरा मानते, त्याच्या उगमाशी एक न सुटलेला संधी आहे. एका राजाला एक शब्द कळला नाही, आणि एका पंडिताला भाषांवाचून राहावे लागले. शब्द न कळण्याची किंमत ज्याला कळला नाही त्यानेच चुकवावी असा नेम नाही, हे ह्या कथेचे मर्म आम्हांस वाटते.

ह्यातला ‘उदक’ आपल्या घरांत अजून वाहतो आहे. कोंकणी बोलणारे मूल तहान लागली की उदक मागते. तेच मूल शाळेत मराठी वाचू लागले की त्याला ‘पाणी’ भेटते, आणि मराठीतला ‘उदक’ मात्र सोवळे नेसून बसलेला दिसतो. तो संध्येत, तर्पणात आणि ‘उदक सोडणे’ ह्या वाक्प्रचारात तेवढा सापडतो. एकच शब्द एका घरी रोजच्या कळशीत आणि दुसऱ्या घरी पळीत. नुस्तें म्हणजे कोंकणीत मासळी, तर मराठीत नुसते म्हणजे केवळ. त्यामुळे मराठी गोष्टीतल्या गरीब ब्राह्मणाने नुसता भात खाल्ला हे वाक्य गोव्यातल्या मुलाने ऐकले की त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील ते वाचकांनी ताडावे. कोंकणीतला ‘हांव’ म्हणजे मी. मराठीतली ‘हाव’ म्हणजे लोभ. हा शेजार भाषाशास्त्राच्या दृष्टीने योगायोगाचा असेल, पण कीर्तनकाराच्या हाती पडला तर तो त्यावर सहज अर्धी घटका निरूपण करील.

‘महाजन’ ह्या शब्दाची कथा ह्याहूनही बोलकी. गोव्यात देवस्थानचा महाजन म्हणजे त्या देवाच्या कारभारात वंशपरंपरेने हक्क आणि जबाबदारी असलेला माणूस. इंदूर-ग्वाल्हेरकडे वाढलेल्या मराठी मुलाने मात्र हिंदी गोष्टींतला महाजन पाहिलेला असतो, आणि तो व्याजाने पैसे देणारा सावकार असतो. असे मूल सुट्टीत कुलदेवाच्या जत्रेस आले आणि आपले आजोबा महाजन आहेत असे त्याने ऐकले, तर त्याला क्षणभर चिंता वाटणे स्वाभाविक आहे. त्या चिंतेवर उपाय एकच. त्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारावे आणि कोणीतरी शांतपणे उत्तर द्यावे.

आतापर्यंतच्या कथांत शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. गोंधळ झाला तो दोन अर्थांमुळे, त्यांच्यामधल्या जागेमुळे किंवा संधीमुळे. परंतु एखाद्याने अर्थावरच मालकी सांगितली तर काय होते? हा प्रश्न मुलांच्या पुस्तकात आम्हांस सर्वांत स्पष्टपणे भेटला तो इंग्रजीत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या चार्ल्स डॉज्सन ह्यांनी लुइस कॅरल ह्या नावाने ॲलिस नावाच्या मुलीच्या दोन कथा लिहिल्या. पहिली १८६५ साली निघाली, दुसरी १८७१ च्या अखेरीस.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटी एक खटला आहे. न्यायासनावर राजा, पिंजऱ्यात चोरीचा आरोपी, साक्षीला ॲलिस. आपल्याला ह्या प्रकरणी काही ठाऊक नाही, असे ती सांगते. हे फार महत्त्वाचे आहे, असे राजा पंचांना बजावतो. महाराजांना बिनमहत्त्वाचे म्हणायचे आहे, अशी दरबारी ससा दुरुस्ती सुचवितो. मग राजा दोन्ही शब्द आळीपाळीने पुटपुटत राहतो, जणू कोणता कानाला बरा लागतो हे तो पाहत आहे. आणि पंचांपैकी काही जण आपल्या पाटीवर एक शब्द लिहितात, काही जण दुसरा. मुले येथे खदखदून हसतात. आम्हीही हसतो, पण ज्याने कोर्टात वर्षे काढली आहेत त्याचे हसू लवकर आटोपते. विरुद्धार्थी शब्द केवळ नादासाठी अदलाबदल होऊ लागले तर पिंजऱ्यातल्या माणसाचे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या पुस्तकात भिंतीवर बसलेला अंड्याच्या आकाराचा हम्प्टी डम्प्टी भेटतो. तो ‘वैभव’ ह्या अर्थाचा एक शब्द वापरतो आणि त्याचा अर्थ वादात दिलेला बिनतोड तडाखा असा करतो. त्या शब्दाचा असा अर्थ नाही, असे ॲलिस म्हणते. त्यावर त्याचे म्हणणे असे की, मी शब्द वापरला की त्याचा अर्थ मी ठरवीन तोच. प्रश्न एवढाच की धनी कोण. शब्दांकडून जास्त काम करून घेतले तर आपण त्यांना जादा मजुरी देतो, असेही तो सांगतो. ह्या प्रसंगातली एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेतून निसटते. हाच हम्प्टी डम्प्टी भिंतीवर निर्धास्त बसलेला असतो तो राजाने दिलेल्या वचनाच्या भरवशावर. आपण पडलो तर राजा आपली माणसे आणि घोडे पाठवील, असा त्याचा ठाम विश्वास आहे. म्हणजे आपल्या शब्दांचा अर्थ तो स्वतः ठरविणार, पण राजाच्या शब्दांचा अर्थ मात्र साऱ्या जगाला कळतो तोच असला पाहिजे. शब्दावर मालकी सांगणाऱ्या प्रत्येकाची स्थिती अशीच असते. दुसऱ्यांनी शब्द पाळावे ह्याच्यावरच त्याचे बस्तान असते.

हा संवाद मुलांच्या कपाटातून निघून एकदा इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला. दुसऱ्या महायुद्धात तेथे १८-ब नावाचा नियम होता. एखादा माणूस शत्रूशी संबंध असलेला आहे असे मानण्यास गृहमंत्र्यांजवळ सयुक्तिक कारण असेल, तर त्याला खटल्यावाचून स्थानबद्ध करता येई. लिव्हर्सिज नावाच्या स्थानबद्धाने गृहमंत्री सर जॉन अँडर्सन ह्यांच्याविरुद्ध दावा केला आणि १९४१ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला. पाचांपैकी चार न्यायाधीशांच्या मते, कारण आहे असे मंत्र्यांना वाटले म्हणजे पुरे. ते खरोखर आहे की नाही हे न्यायालयाने विचारावयाचे नाही. एकट्या लॉर्ड ॲटकिन ह्यांनी विरुद्ध मत दिले. एखाद्याचा घोटा मोडला असेल तर, ह्याचा अर्थ घोटा मोडला आहे असे त्याला वाटत असेल तर, असा कधीच होत नाही, असे त्यांनी दाखविले. आणि नियमाचा असा अर्थ लावण्याला आधार म्हणून आपल्याला एकच दाखला आठवतो असे सांगून हम्प्टी डम्प्टीचा तो संवाद त्यांनी निकालपत्रात घातला. त्या वेळचे लॉर्ड चान्सलर सायमन ह्यांनी निकालापूर्वी पत्र लिहून तो भाग गाळण्याची विनंती केली होती. ॲटकिन ह्यांनी तो गाळला नाही. पुढे १९८० च्या निकालग्रंथात आलेल्या रॉसमिन्स्टर प्रकरणात त्याच न्यायासनावरून लॉर्ड डिप्लॉक ह्यांनी कबूल केले की, १९४१ चे बहुमत चुकले होते.

विद्यार्थिदशेत हा निकाल वाचताना आम्हांस त्यातले विनोदी अंग जास्त आवडले होते. त्याचे दुसरे अंग पुढे अशिलांनी समजावून दिले. ‘आहे’ आणि ‘वाटते’ ह्या दोन शब्दांमधले अंतर मोजायचे झाले, तर ते तुरुंगाच्या भिंतीएवढे होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटेल असा तपशील आम्ही येथे देत नाही. साठीकडे झुकलेली एक बाई आमच्या कचेरीत आली. भावांनी तिला इंग्रजीत टंकलिखित केलेला एक कागद दिला होता आणि दुसऱ्या दिवशी नोटरीकडे यावयास सांगितले होते. कागद वडिलोपार्जित घरातल्या तिच्या हिश्शाच्या हक्कसोडीचा होता. गोव्याच्या कायद्याने मुलीचा वारसाहक्क मुलग्याइतकाच आहे, हे तिला ऐकून ठाऊक होते. पण भाऊ म्हणाला होता की, नुसती सही करायची आहे.

‘नुसती’ हा फार लहान शब्द आहे. गोष्टीतल्या गरीब ब्राह्मणाच्या भाताशेजारी तो निरुपद्रवी दिसतो. सहीशेजारी बसला की तो सहीचे वजन पाहणाऱ्याच्या नजरेआड करतो. भावांनी असत्य सांगितले असे म्हणता येणार नव्हते, कारण बाईला खरोखरच सहीखेरीज काही करावयाचे नव्हते. हत्तीचा उल्लेख तेवढा हलक्या आवाजात झाला होता. आणि नुसत्या म्हटलेल्या त्या सहीचा न्यायालयाने पुढे पूर्ण अर्थ घ्यावा, अशीच त्यांचीही अपेक्षा असणार.

आम्ही कागद वाक्यावाक्याने कोंकणीत सांगू लागलो. बाई मध्ये थांबवून विचारी, “म्हणल्यार कितें, वकीलबाब?” चार-पाच ठिकाणी तिने तसे विचारले. मराठीतले ‘म्हणजे काय’ आणि कोंकणीतले ‘म्हणल्यार कितें’ हे दोन्ही प्रश्न म्हणण्याच्या क्रियापदातूनच निघालेले आहेत. ह्या शब्दाचा अर्थ काय, असे विचारताना आपण खरे पाहता लोक ह्याला काय म्हणतात असे विचारीत असतो. आपल्या दोन्ही भाषांनी अर्थाची मालकी अशी चारचौघांत ठेवली आहे.

शेवटी आम्ही म्हणालो, “बाय, हा कागद म्हणजे ह्या घरावर उदक सोडणे.” ते तिला लगेच कळले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की, भावांची मुले लहान आहेत, घर त्यांना लागेल. आपण हिस्सा देऊही. “पण देते आहे हे मला कळून मी देईन. आणि मी दिले असे त्यांनीही म्हटले पाहिजे.” तिने त्या दिवशी सही केली नाही. दोन महिन्यांनी केली, पण नव्या कागदावर. त्यात तिचा हिस्सा किती, तो ती कोणाला देत आहे, आणि सणाच्या दिवशी माहेरच्या देवघरात येण्याचा तिचा हक्क कायम राहील, हे सारे कोंकणीत वाचून दाखविल्यावर तिने मान हलविली. दान करताना भटजी संकल्पात स्थळ, काळ, गोत्र, नाव आणि वस्तू मोठ्याने उच्चारावयास लावतात, त्यामागे हाच विवेक असावा. जे सोडावयाचे त्याचे नाव स्वतःच्या तोंडाने घेतल्याशिवाय उदक सोडता येत नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या गोष्टींवर एवढा भार कशाला? हल्ली गोष्टींची पुस्तके सोपी करण्याचा प्रघात आहे. अवघड शब्द काढला जातो, सातवाहनाच्या गोष्टीतला संधी गाळून मोदक तेवढे ठेवले जातात, नृसिंहाच्या कथेत चित्र मोठे होते आणि वराची कलमे लहान होतात. हेतू चांगला असतो. पण शब्दांची नाती काढून घेतली की मुलाला ‘म्हणजे काय’ विचारण्याचे कारणच उरत नाही, आणि जो बालपणी ते विचारीत नाही तो पुढे नोटरीसमोरही विचारीत नाही.

आपल्या वाचकांना देवस्थानचा कारभार परिचित आहे. मालमत्ता देवाची असते; महाजन तिची व्यवस्था पाहतात, हिशेब ठेवतात आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवितात. कोणा एका महाजनाला देवाची वाडी विकता येत नाही, आणि ती आपली आहे म्हणून कुंपणही घालता येत नाही. शब्दांच्या मिळकतीचेही तसेच आहे. त्या मिळकतीच्या सीमा कोठून कोठवर आहेत हे नव्या महाजनाला कोणीतरी पायी हिंडून दाखवावे लागते. आमच्या समजुतीप्रमाणे मुलांच्या गोष्टी ते काम करतात. म्हणून रात्री गोष्ट रंगात आलेली असताना मुलाने मध्येच प्रश्न विचारला तर घाई करू नये. राक्षसाला मरावयास थोडा उशीर झाला तरी चालेल.